अजून काय मॅडम

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की सगळे सेक्रेटरीच्या नावानं बोटं मोडायचे. मी मात्र सहा मजले चढताना आतून खूश असायचो. गुडघे दुखायचे, दम लागायचा, पण लिफ्टमध्ये अजून काय मॅडम भेटण्याची भीती तेवढी टळायची. भीती हा शब्द मी विचार करून वापरतोय. मला तशी बऱ्याच गोष्टींची भीती वाटते. इंजेक्शनची, पालींची, बायकोच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची. पण लिफ्टचं दार बंद झाल्यापासून सहावा मजला येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटाची सर कशालाच नव्हती.

नाव मीच पाडलेलं. सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या दारावर 'कर्णिक' अशी पाटी होती. आमच्या हाटकेश भागातच, घरापासून चालत दहा मिनिटांवर, एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल आहे. तिथल्या फार्मसीच्या त्या प्रमुख. पन्नाशी उलटलेली, बुटक्या, केस मागे घट्ट बांधलेले, आणि मनगटावर पुरुषाचं असावं एवढं मोठं घड्याळ. त्याचा सेकंदकाटा लाल. बोलताना माणसाकडे कमी आणि त्या लाल काट्याकडे जास्त बघायच्या, त्यामुळे समोरच्याला आपलं काहीतरी संपत आलंय असं वाटायचं.

"पाटील, तुम्ही औषध काय घेता हो?"

"अ‍ॅसिडिटीची गोळी. सकाळी एक."

"अजून काय?"

"काही नाही."

लाल काटा पाव फेरा मारायचा. "अजून काय?"

"तशी… बायकोची कॅल्शियमची गोळी. कधीतरी. समोर दिसली तर."

"आणि जे औषध नाही असं काय घेता?"

हा शेवटचा प्रश्न म्हणजे त्यांचं हत्यार. त्यापुढे भलेभले गळायचे. पाचव्या मजल्यावरचे मेहताकाका, दोन दुकानांचे मालक, लिफ्टच्या कोपऱ्यात अंग चोरून म्हणाले होते, "मॅडम, वो छोटे भाई की शुगर की गोली है. उसको सूट हुई, तो मैंने बोला मैं भी ले लेता हूँ." मॅडम म्हणाल्या, "शुगर भाई को है, आपको नहीं. आज से बंद." काका दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं ये-जा करू लागले. जिन्यात आम्ही दोघं भेटायचो आणि एकमेकांना काही विचारायचो नाही.

"औषधाबद्दल सहसा कुणी खोटं बोलत नाही," मॅडम म्हणायच्या. "पण जे औषध वाटतच नाही, त्याबद्दल लोक गप्प बसतात. मला भीती त्या गप्प बसण्याची वाटते."

मॅडमना भीती वाटते, हे मी तेव्हा बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिलं.

त्यांचं खरं काम काय, हे मला सोसायटीच्या सत्यनारायणाला कळलं. प्रसादाची वाटी हातात धरून त्यांनी सोसायटीची प्रथमोपचार पेटी उघडायला लावली. आत अँटिसेप्टिकची सुकलेली बाटली, गंजलेली कात्री आणि कुणाच्या तरी बारशाचं उरलेलं झबलं निघालं. सेक्रेटरी खजील झाले. ते जरा जास्तच खजील झाल्यावर मॅडमनी त्यांना सावरायला म्हणून हॉस्पिटलातल्या लाल गाडीची गोष्ट सांगितली. कप्प्याकप्प्यांची ढकलगाडी. एखाद्याचं हृदय थांबलं की ती पलंगाशी न्यायची. तिच्यातली औषधं मॅडम रोज सकाळी साडेआठला स्वतः तपासायच्या, तारखा बघायच्या आणि पुन्हा सील लावायच्या.

"पण तुम्ही तर काउंटरवर असता ना?" मी विचारलं.

"असायचे. मग मोठ्या डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, हृदय थांबलं की तुमच्या खोलीत सात माणसं असतात आणि सातही जण पेशंटकडे बघतात. डॉक्टरांनी पेशंटकडेच बघावं. सिस्टरनी शीर बघावी. पण कुठलं औषध, किती आणि किती वाजता, एवढंच बघणारं एक डोकं मोकळं हवं. ते माझं."

तेव्हापासून हॉस्पिटलात कोड ब्लू पुकारला, म्हणजे कुणाचं तरी हृदय थांबलंय अशी हाक आली, की मॅडम काउंटर सोडून निघायच्या. धावायच्या मात्र नाहीत. धावण्याचा त्यांना राग होता. एकदा आमचा वॉचमन गेटपाशी चक्कर येऊन पडला. आम्ही सगळे धावलो. मी पाणी आणायला धावलो आणि परत येताना तांब्यासकट त्याच्याच अंगावर पडलो. मॅडम सातव्या मजल्यावरून आल्या त्या भराभर चालत. "धावत आलेल्या माणसाचे हात पाच मिनिटं कापतात, पाटील," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आणि तीच पाच मिनिटं कामाची असतात." वॉचमनला त्यांनी बसवलं आणि विचारलं, "सुबह से क्या खाया?" त्यानं सांगितलं. "और क्या?" त्याही अवस्थेत मला त्याची दया आली.

आता आबांबद्दल सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे मुर्धा गावचे. खाडीला लागून आमची मिठागरं होती. माझ्या लहानपणीच ती बंद पडली, पुढे तिथे भराव आला, इमारती आल्या, आणि आबांच्या पिढीकडे फक्त मिठाविषयीची मतं उरली. ती फार होती. पानात वाढलेलं मीठ आधी बोटांत चोळून बघायचे, मग जिभेला लावायचे, मग जेवायचे. आई गेल्यावर मी त्यांना हाटकेशच्या फ्लॅटवर आणलं. सहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाडीची एक रेघ दिसायची. आबा तिच्याकडे तोंड करून बसायचे आणि भरती-ओहोटी बसल्या जागी सांगायचे.

मग त्यांचं ब्लड प्रेशर निघालं. हृदय जरा थकलेलं निघालं, किडन्या मंद झालेल्या निघाल्या. डॉक्टरांनी एक प्रेशरची गोळी दिली, अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी एक पाण्याची गोळी दिली, आणि सांगितलं, मीठ बंद.

मिठागरवाल्याला मीठ बंद! आबा आठ दिवस गुमान जेवले. नवव्या दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि माझ्या बायकोला, मंदाला, विचारलं, "अलनी जेवान आपल्यात सुतकात करतात. घरात कोन मेलाय?"

त्यानंतर त्यांनी जवळजवळ खाणंच सोडलं. गालफडं बसली. मी घाबरलो. आणि मी घाबरलो की डोकं लढवतो, ही माझी जुनी खोड. हाटकेशच्या गाळ्यांमध्ये स्टीलचे डबे बनवणारं एक युनिट आहे, तिथं मी स्टोअर सांभाळतो. हजारो झाकणं त्यांच्या त्यांच्या डब्यांना नेमकी लावून देतो, त्यामुळे प्रत्येक अडचणीला झाकण असतंच असा माझा गैरसमज आहे. ते मला सुपरमार्केटच्या फळीवर सापडलं. मिठाचं पाकीट. 'कमी सोडियम. ब्लड प्रेशर असणाऱ्यांसाठी.' केवढी मोठी अक्षरं! मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अजून काहीतरी होतं, पण माझा वाचायचा चष्मा ऑफिसात राहिला होता. तो नेहमीच राहतो.

घरी येऊन मी ते मीठ आईच्या जुन्या चिनीमातीच्या बरणीत ओतलं आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. पाकिटातलं मीठ आबांना दिसलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. बरणी बघून ते खुलले. चोळून बघितलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.

"याला खाडी न्हाय रे."

पण जेवले. चव कमी म्हणून दुप्पट घालून जेवले. आमटीत, भातावर, काकडीला लावून. मी दारात उभा राहून बघत होतो आणि स्वतःवर इतका खूश होतो की त्या दिवशी मीही दोन घास जास्त खाल्ले.

"अहो, एकदा मॅडमना विचारून घ्या ना," मंदा म्हणाली.

"मिठाचं काय विचारायचं फार्मासिस्टला? उद्या पोह्यांचं विचारशील."

खरं सांगायचं तर विचारायला मी घाबरलो होतो. त्या ओरडल्या असत्या. वयाच्या बावन्नाव्या वर्षीही मला कुणी ओरडलेलं सहन होत नाही.

दोन आठवड्यांनी आबांचे पाय जड झाले. "पायात जीव न्हाय" म्हणायचे. मळमळायचं. अशक्तपणा असेल म्हणून मी रोज दोन शहाळी आणायला लागलो. त्याच सुमारास एका संध्याकाळी आबांना खाली चक्कर मारून आणत होतो आणि लिफ्टचं दार बंद होता होता मॅडम आत आल्या. त्यांनी आबांचे पाय बघितले. फरशीवरून घासत टाकलेली पावलं.

"आबांना काय काय चालू आहे?"

मी दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली.

"अजून काय?"

"काही नाही."

"अजून काय?"

दुसरा मजला गेला. तिसरा गेला. आबांचं त्यात लक्षच नव्हतं, ते आरशात आपली मिशी बघत होते.

"आणि जे औषध नाही असं?"

"काही नाही," मी म्हणालो. चौथा मजला आला, दार उघडलं, कुणाला आत यायचं होतं. मी आबांचा हात धरला आणि बाहेर पडलो. राहतो सहाव्यावर, उतरलो चौथ्यावर! पायात जीव नसलेल्या म्हाताऱ्या बापाला मी दोन मजले जिन्यानं चढवलं, एका बाईच्या एका प्रश्नाला भिऊन. हे मी गमतीनं लिहायला बसलो होतो. लिहिल्यावर गंमत वाटत नाहीये.

त्यानंतर दहा दिवसांनी, कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहाला मंदाचा फोन आला. "आबा उठेनात. खुर्चीतच कसेतरी झालेत. लवकर या." युनिटपासून घर जवळ. मी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं आणि रिक्षात घातलं. रिक्षात ते जागे होते. "मना काय झाला रे?" एवढंच विचारत होते. मी "काही नाही आबा, काही नाही" म्हणत होतो. तेच दोन शब्द, लिफ्टमधले.

कॅज्युअल्टीत त्यांच्या छातीला वायर लावून ईसीजीची पट्टी काढली. तरुण डॉक्टर ती बघत होते तेवढ्यात आबांची मान वळली, खिडकीकडे बघावं तशी, आणि वळलेलीच राहिली. यंत्राचा आवाज बदलला. स्पीकरवर कोड ब्लू आणि आमच्या खोलीचा नंबर. "अंकल, बाहर रुकिए," म्हणत तिथल्या शायनी सिस्टरनी मला दाराबाहेर ढकललं. दाराला चौकोनी काच होती, आणि त्या गडबडीत दार पुरतं लागलंही नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. देवानं माझे कान तेव्हा बंद केले असते तर बरं झालं असतं.

एक आडदांड ब्रदर आबांच्या छातीवर वजन टाकून दाबत होता. आबांचं शरीर प्रत्येक दाबासरशी पलंगावर उडत होतं. काहीतरी कडकन वाजलं. मी काचेला हात टेकवून उभा होतो.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून मॅडम आल्या. भराभर चालत. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत गेल्या आणि त्यांचा आवाज सुरू झाला. मोठा नव्हता, पण बाकीच्या सगळ्या आवाजांच्या खालून सरळ चालत यावा तसा.

"छाती दाबायला सुरुवात अकरा दोन. अ‍ॅड्रिनलीन एक, तयार आहे."

"द्या," डॉक्टर म्हणाले.

"गेलं. अकरा चार. हात बदला."

ब्रदर बाजूला झाला, दुसरा चढला. मॅडमच्या डाव्या बाहीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता, त्यावर त्या पेनानं लिहीत होत्या. रिकामी कुपी त्यांनी ट्रेमध्ये उभी ठेवली. डॉक्टर तरुण होते, कपाळावरून घाम निथळत होता. "अजून एक द्या, अ‍ॅड्रिनलीन," ते म्हणाले.

"दोनच मिनिटं झालीत, डॉक्टर. आठला देऊ. भरून ठेवलंय."

डॉक्टरांनी मान हलवली. आणि मला, बाहेर उभ्या असलेल्याला, त्या 'आठला देऊ'चा आधार वाटला. अकरा वाजून आठ मिनिटं होतील. आठपर्यंत आबा आहेत. त्या बाईंनी तेवढा वेळ त्यांच्या नावानं काढून ठेवलाय.

आठला दुसरं गेलं. दुसरी कुपी पहिलीच्या शेजारी उभी राहिली. मॅडमच्या एका हातात मगाशी काढलेली ईसीजीची पट्टी होती, दुसऱ्या हातात मी आणलेली आबांची फाइल. त्यांनी डॉक्टरांना पट्टी दाखवून हळू आवाजात काहीतरी विचारलं. डॉक्टर "शक्यता आहे" असं म्हणाले. आणि मॅडम वळल्या. त्या दाराकडे येताहेत हे दिसलं तेव्हा, सांगायला लाज वाटते, माझी पहिली इच्छा जिन्याकडे जायची होती.

दार उघडलं. त्या माझ्यापासून एका हातावर उभ्या होत्या. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"पाटील. या दोन गोळ्यांशिवाय अजून काय?"

"शहाळी. रोज दोन."

"अजून काय?"

आतून छाती दाबल्याचा आवाज येत होता. ओरडतील. मंदाला कळेल. सगळ्यांना कळेल की मीच.

"आणि जे औषध नाही असं?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पाटील, मी ओरडणार नाही. सांगा."

"मीठ," मी म्हणालो. "ते कमी सोडियमचं. बरणीत ओतलं मी. तीन आठवडे झाले. दुप्पट घालतात."

त्यांनी डोळे मिटून उघडले, बस. आणि वळल्या.

"डॉक्टर, मिठाच्या जागी पोटॅशियमचं मीठ खाताहेत. तीन आठवडे. वर ही पाण्याची गोळी, किडनी मंद, रोज दोन शहाळी."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "पोटॅशियम चढलंय. कॅल्शियम!"

"भरलंय," मॅडम म्हणाल्या. दाराकडे यायच्या आधीच त्यांनी ते भरून सिरिंजवर नाव लिहून ठेवलं होतं. "गेलं. अकरा अकरा. सिस्टर, आता नळी धुवा. सलाइननं धुतल्याशिवाय सोडा द्यायचा नाही, दोन्ही मिसळून आत खडू होईल. धुतली? बोला."

"धोया, मॅडम."

"सोडा गेला. अ‍ॅड्रिनलीन तीन, अकरा बारा. इन्सुलिन फ्रिजमधून आणलंय, ग्लुकोजबरोबर. हात बदला."

यातलं तेव्हा मला काही कळलं नाही. नंतर त्यांनीच समजावलं. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. आबांची किडनी मंद, त्यात पाण्याची गोळी ते आत धरून ठेवणारी, आणि वरून मी पोटॅशियमनंच भरलेली शहाळी पाजत होतो. रक्तात पोटॅशियम साठत गेलं आणि त्यानं हृदय थांबवलं. कॅल्शियम हृदयाला सांभाळतं, सोड्याचं इंजेक्शन रक्तातलं आम्ल उतरवतं, इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला पेशींत ढकलतात. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत नेमकं हेच होतं, की किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तेव्हा मला एवढंच कळत होतं की मॅडम वेळ सांगताहेत. अकरा चौदा. यंत्राकडे सगळ्यांनी बघितलं. पुन्हा दाबायला लागले. मी काचेवर कपाळ टेकवलं आणि मनात एकच म्हणत राहिलो, अजून वेळ सांगा, मॅडम. थांबू नका. तुम्ही वेळ सांगायच्या थांबलात की संपलं.

"अकरा सोळा. थांबा. बघा."

खोली गप्प झाली. शायनी सिस्टरची बोटं आबांच्या मानेवर होती.

"पल्स है," सिस्टर म्हणाल्या. "मॅडम, पल्स है!"

"पल्स अकरा सोळा," मॅडम म्हणाल्या आणि बाहीवर लिहिलं.

आबांना डायलिसिससाठी मोठ्या हॉस्पिटलात न्यायची तयारी सुरू झाली. मी बाकावर बसलो होतो. मॅडमनी ट्रेमधल्या रिकाम्या कुप्या एकेक बोटानं मोजून बाहीवरच्या पट्टीशी ताडून बघितल्या, पट्टीवरचं सगळं फाइलमध्ये उतरवलं आणि मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसल्या. कुणीतरी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. तो त्यांच्या दातांवर वाजला. मी बघितलं. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते.

"माझे नंतर कापतात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पण घाबरता?"

"प्रत्येक वेळी. फक्त घड्याळात बघून घाबरते." थोडं पाणी प्यायल्या. "लिफ्टमध्ये तुम्ही चौथ्यावर उतरलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी वर येऊन दार वाजवायला हवं होतं. त्या दिवशी दमले होते, म्हटलं उद्या विचारू. मग राहिलंच."

मी ओरडा खायला तयार होऊन बसलो होतो. तो आलाच नाही, आणि न येऊन जास्त लागला.

"आबा शुद्धीवर आले की त्यांना मी सांगणार नाही," उठताना त्या म्हणाल्या. "फाइलमध्ये आहे. पण घरात तुम्ही सांगायचं."

"कधीपर्यंत?"

"घड्याळ लावू का?"

आबा बाराव्या दिवशी घरी आले. बरगड्या दुखत होत्या, खोकला आला की मला शिव्या घालायचे. सांगायला मी आणखी चार दिवस लावले. शेवटी त्यांच्या खिडकीपाशी बसून सगळं सांगितलं. पाकीट, चष्मा, बरणी, लिफ्ट. ते खाडीच्या रेघेकडे बघत होते.

"मंग तो मीठ नव्हताच."

"नव्हतं, आबा."

"मी पयल्या दिवशी बोल्लो तुला, याला खाडी न्हाय." मग छातीवर हात ठेवून, दुखतंय तिथं दाबून, म्हणाले, "पन तू दिलास. बाकी सगल्यांनी मना अलनी ठेवला."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

त्यानंतर मॅडम दर रविवारी सकाळी एक मजला खाली उतरून यायच्या. आबांच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी दिवसाचं मीठ ठरवून घेतलं होतं, खरं मीठ, आणि मोजायला सिरपच्या बाटलीबरोबर येतो तसला एक इवलासा चमचा आणून दिला होता. आबा तो चमचा उशाखाली ठेवायचे. मॅडम विचारायच्या, "काय काय चालू आहे?" आबा गोळ्या सांगायचे. "अजून काय?" आणि मग आबा सुरू व्हायचे. मिठागरात वाफ्यावर मिठाचं पहिलं पापुद्र्यासारखं कवच कसं धरतं, पायांना कशा भेगा पडायच्या, अवकाळी एक सर आली की आठवड्याची मेहनत कशी परत पाणी व्हायची. ते कुठलंच औषध नव्हतं. मॅडम सगळं ऐकायच्या. घड्याळाकडे न बघता.

दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला जायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा आबांनी कपाटातून एक पुरचुंडी काढली. आत लिंबाएवढा मिठाचा खडा, करडा, आमच्या शेवटच्या हंगामातला.

"हा औषध न्हाय," आबा म्हणाले.

मॅडमनी तो उलटसुलट करून बघितला. "एक्स्पायरी?"

"मिठाला कसली आलीय एक्स्पायरी!"

मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं आणि त्या काही भिण्यासारख्या दिसत नव्हत्या. पण मला कळायला फार उशीर झाला होता. सामानाचा ट्रक खाली उभा होता.

आबा त्यापुढे दोन वर्षं जगले. शेवटच्या महिन्यात उठणं बंद झालं. किडन्या थकल्या होत्या आणि आबांनी स्वतःच सांगितलं होतं, आता हॉस्पिटल न्हाय. एक तरुण डॉक्टर घरी येऊन बघून जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गोळ्यांची नावं विचारली, लिहिली आणि पेन खिशाला लावलं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "अजून विचारा."

"काय विचारू?"

"अजून काय घेतात ते विचारा. मी सांगत नाही तोवर विचारत राहा."

ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिले, पण विचारलं. मी सगळं सांगितलं. जाताना ते म्हणाले, आता जे मागतील ते द्या.

आबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नाशिकला फोन लावला. भीतीनं नंबर दोनदा चुकला. मॅडमनी उचलला. मी सांगितलं. त्रास झाला नाही, झोपेत गेले, मुर्ध्याची सगळी माणसं आली होती, मंदा बरी आहे. सांगायचं होतं ते सांगून झालं.

"अजून काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्या थांबल्या. मला तो लाल काटा दिसला. या वेळी लिफ्ट नव्हती, चौथा मजला नव्हता.

"शेवटच्या दिवशी त्यांनी मीठ मागितलं, मॅडम. मी दिलं. खडामीठ, तुमच्या त्या खड्याचा पुरचुंडीत राहिलेला चुरा. बोटावर घेऊन त्यांच्या जिभेला लावलं."

"किती?"

"चिमूटभर. त्याहूनही कमी."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, हा आपला."

"किती वाजता?" मॅडमनी विचारलं. त्या दिवशी काचेतून ऐकला तो हा आवाज नव्हता, दुसराच होता.

"सकाळी. दहा वाजून वीस मिनिटांनी."

"दहा वीस," त्या म्हणाल्या. "बरं केलंत, पाटील."